आठवड्याला दोन सूत

लग्न होऊन मी बंगळूरला आले तेव्हा माझ्याजवळ प्राणिशास्त्राची पदवी होती आणि कन्नडचा एक शब्दही नव्हता. साठ साल नुकतंच उजाडलं होतं. नवरा सरकारी कारखान्यात इंजिनिअर. सकाळी कारखान्याच्या बसनं जायचा तो दिवेलागणीला परत यायचा. मधल्या वेळात भिंतीकडे बघत बसायचं नाही, हे मी पुण्याहून निघतानाच ठरवलं होतं. म्हणून शरीरशास्त्राच्या एका प्रयोगशाळेत मदतनीस हवा असल्याचं कळल्याबरोबर अर्ज केला. मुलाखतीत तिथल्या मुख्य सरांनी एकच प्रश्न विचारला, "बेडकाला हात लावाल?" मी म्हटलं, "लावीन, पण सासूबाईंना सांगणार नाही." नोकरी मिळाली.

सरांचं काम मज्जातंतूंवर चाललेलं होतं. बेडकाला भूल देऊन मांडीतला जाड मज्जातंतू कापायचा, त्याची टोकं पुन्हा जुळवायची आणि मग तो कसा वाढतो, कुठल्या वाटेनं जातो, लुळा पडलेला पाय पुन्हा कधी हलतो, ते बघत राहायचं. पाय हलला की बेडकाचं काम संपायचं आणि आमचं सुरू व्हायचं. त्या तंतूचे पातळ काप काढून ते चांदीच्या क्षारात रंगवायचे. रंग नीट बसला तर सूक्ष्मदर्शकाखाली पिवळसर जमिनीवर तपकिरी धागे दिसत, आणि नाही बसला तर सगळी मेहनत काळीठिक्कर. चांदीचा रंग म्हणजे मोठ्या घरची सून. कशानं रुसेल सांगता येत नाही. मी स्वतः तेव्हा नवी सून होते, त्यामुळे माझी त्या रंगाला सहानुभूती होती.

बेडूक मारतहळ्ळीच्या तळ्यातून ओल्या गोणपाटात यायचे. आज जिथं माणसं गाडीत बसून तासन्‌तास पुढच्या गाडीचा मागचा दिवा बघतात, तिथं तेव्हा नाचणीची शेतं आणि एक मोठं तळं होतं. थंडीत बेडकांचे तंतू फारच हळू वाढायचे आणि आम्ही नुसते वाट बघत बसायचो. मी उतावळी. सर उलटे. कुठलीही चांगली बातमी घेऊन गेलं की ते चष्मा पुसत म्हणायचे, "नोडोण." म्हणजे पाहू या. मला पहिल्यांदा आलेला कन्नड शब्द हाच, आणि कित्येक महिने मला वाटायचं की या भाषेत 'शाबास'ला शब्दच नसावा.

आम्ही बळेपेटेत एका शिंप्याच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. खाली रस्त्याच्या बाजूला त्यांचं दुकान, मागं त्यांचं घर. घराणं मराठी, पण महाराष्ट्र कुणी पाहिलेला नाही. कुठल्या तरी फौजेबरोबर तंबू शिवत शिवत इकडं आलो आणि फौज परत गेली तरी आम्ही राहिलो, असं ते सांगत. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला अक्का, म्हणून मीही तसंच म्हणायला लागले. माझी आई पुण्याहून आली तेव्हा तिनं हे ऐकलं आणि मला आत बोलावून हळूच विचारलं, "हे नवराबायको आहेत ना गं नक्की?"

अण्णा कोट शिवायचे, आणि इतके चांगले शिवायचे की त्यांच्या तोंडाळपणाकडे लोक काणाडोळा करत. पोट सुटलेल्या गिऱ्हाइकाला ते तोंडावर सांगत की कोट मी सरळ शिवीन, पण आतला माणूस सरळ करणं माझ्या हातात नाही. मला ते 'बेडकाच्या बाई' म्हणत. अक्का एवढंच बघत की मी संध्याकाळी आले की अंगणातल्या नळावर हातपाय धुतल्याशिवाय जिना चढत नाही. त्यांच्या स्वयंपाकघराला मात्र मी बाहेरूनच नमस्कार करायचे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी इथं आयुधपूजा असते. ज्याचं पोट ज्या हत्यारावर, तो त्या हत्याराला हळदकुंकू वाहतो. त्याआधी दुकान धुऊन काढायचं म्हणून अण्णांनी गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला पुरुषभर उंचीचा आरसा एकट्यानं उचलायला घेतला. "स्वल्प थांबा की, कुणाला तरी हाक मारते," अक्का म्हणत होत्या. थांबणं अण्णांच्या कुंडलीतच नव्हतं. आरसा निसटला, तो सावरायला त्यांनी हात घातला, आणि उजव्या हाताच्या आतल्या बाजूनं, मनगटाच्या चार बोटं वर, काच खोल गेली.

मोठ्या दवाखान्यातल्या सर्जननं हात शिवला. आत तुटलेला मज्जातंतूही टोकाला टोक लावून शिवला. जखम भरली, बोटं वाकायला लागली. पण अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं पार बधिर झाली होती. सुई टोचली तरी कळेना. एकदा कोळशाच्या इस्त्रीचा चटका बसला तो त्यांना वासावरून कळला. त्या दिवसापासून अक्कांनी इस्त्री स्वतःच्या ताब्यात घेतली.

कोटाच्या शिंप्याचं सगळं दुकान याच तीन बोटांत असतं. कापडाचा पोत काय, अस्तर कुठं चुणी धरतंय, टाका घट्ट बसला की सैल, हे डोळ्यांना नंतर कळतं आणि बोटांना आधी. अण्णा डाव्या हातानं कापड चाचपून बघत आणि वैतागून टाकून देत. परक्याच्या हातानं जेवल्यासारखं वाटतं, म्हणायचे. आलेले कोट त्यांनी परत पाठवले. अक्का मशीनवर परकर-पोलकी शिवून दुकान उघडं ठेवत होत्या. ती तीन बोटं परत आली तर अण्णा अण्णा होते. नाहीतर घरात बसलेला एक तापट म्हातारा.

दवाखान्यातून आल्यावर एके दिवशी ते पहिल्यांदाच जिना चढून वर आले. खुर्चीवर बसले, हात टेबलावर ठेवला, आणि म्हणाले, "बेडकाच्या बाई, तुमच्या बेडकाची शीर पुन्हा जुळते म्हणे. माणसाची?"

मज्जातंतूला ते शीर म्हणत. मी दुरुस्त करायला गेले नाही.

"जुळते, अण्णा. पण शिवली म्हणजे झालं असं नाही. टाक्याच्या पुढचा भाग वाळून जातो, नुसती पोकळ नळी उरते. वरच्या टोकाला नवे कोंब फुटतात आणि त्या नळीतून बोटांकडे सरकत जातात."

"किती सरकतात?"

"आठवड्याला तांदळाच्या दाण्याएवढं. साधारण."

"कुठला तांदूळ? बारीक की जाडा?"

मी स्वयंपाकघरातून एक दाणा आणून त्यांच्यासमोर ठेवला. गळ्यातली टेप काढून त्यांनी तो मापला. "दोन सूत," ते म्हणाले. म्हणजे पाव इंच. मग हाताच्या टाक्यापासून बोटाच्या टोकापर्यंत टेप लावली, ओठ हलवत हिशेब केला, आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदा जरा उजळला. त्यांना धीर द्यायला गोड शब्द चालणार नव्हते, पण माप चालत होतं.

"सर्जननं धागा कुठला घातला असेल?"

"रेशमाचा."

"सरी, ठीक आहे," म्हणाले, आणि खाली गेले.

मी सरांना सगळं सांगितलं. सरांनी मला एक जुनी, साधी परीक्षा शिकवली. हातावर त्या तंतूच्या वाटेनं बोटाच्या टोकानं हलक्या टिचक्या मारायच्या. जिथवर कोवळे कोंब पोचले असतील तिथं टिचकी पडली की पार पुढं बोटांत झिणझिण्या येतात, बोटं एरवी बधिर असली तरी. टिचक्या बोटांकडून वर मारत यायचं, आणि ज्याचा हात त्याचे डोळे मिटलेले हवेत. "बेडकाचं एक बरं असतं," सर म्हणाले, "त्याला निकालाची घाई नसते."

मी हे अण्णांना शिकवलं आणि त्यांनी ते ताबडतोब स्वतःच्या मालकीचं करून टाकलं. दर रविवारी अंघोळ झाली की ते दुकानाच्या पायरीवर उन्हात बसत, डाव्या हाताच्या बोटानं उजव्या हातावर टकटक करत, आणि मग कॉपिंग पेन्सिल जिभेला लावून एक जांभळी रेघ ओढत. ओठ जांभळे, हात जांभळा. मी टिचकी मारून बघते म्हटलं तर म्हणाले, "माप घेणं माझं काम." येणारेजाणारे थांबून गाडीची चौकशी करावी तसं विचारत, "अण्णा, कुठवर आली?" आणि अण्णा स्टेशनमास्तरच्या तोऱ्यात सांगत, "मनगट ओलांडलं."

हिवाळ्यात त्यांनी बेडूक बघायचा हट्ट धरला. "माझ्याबरोबर निघालेली माणसं कुठवर पोचली ते बघू द्या की," म्हणाले. काळी टोपी घालून ते प्रयोगशाळेत आले. मी त्यांना एक बेडूक दाखवला, ज्याचा मागचा पाय नुकताच हलायला लागला होता. चिमटा लावला की तो पाय ओढून घ्यायचा, जरा उशिरा, पण घ्यायचा. अण्णांनी त्याच्याकडे अशा काही आपुलकीनं पाहिलं की मला हसू आवरेना. मग सूक्ष्मदर्शकातून त्यांना जुळलेल्या तंतूचा काप दाखवला. बराच वेळ बघून ते सरांना कन्नडमध्ये म्हणाले, "शिवण चांगली आहे, पण धागे वाकडेतिकडे गेलेत."

"जातात," सर म्हणाले. "सगळे आपापल्या घरी पोचतात असं नाही. काही शेजारच्या दारात शिरतात."

"मग?"

"नोडोण," सर म्हणाले. अण्णांना हे उत्तर मुळीच आवडलं नाही. परत येताना बसमध्ये ते मला म्हणाले की तुमचे सर शिंपी असते तर एकाही गिऱ्हाइकाला कोट मिळाला नसता.

रेघ पुढं सरकत होती. तळवा झाला, बोटांची मुळं झाली. पेर ओलांडलं की अक्का देवापुढं साखर ठेवत. उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या, आदल्या रविवारी जांभळी रेघ मधल्या बोटाच्या अगदी टोकाला, नखाजवळ पोचली. अण्णांनी सगळ्यांना दाखवली. मग आत जाऊन सुई घेतली आणि टोकाला टोचली. काही नाही. अंगठ्याला टोचली. काही नाही.

उगादीला इथं कडुलिंब आणि गूळ एकत्र खातात. वर्षात कडूगोड दोन्ही येणार म्हणून. मी पाया पडायला खाली गेले तेव्हा अण्णांनी ताटलीतला गूळ तसाच ठेवला होता. शर्टाची बाही बोटांपर्यंत ओढून बसले होते.

"शीर पोचली," ते म्हणाले, "पण आत कुणी दार उघडत नाही. बेडकाचं वेगळं, माणसाचं वेगळं. शेजारचा कापडवाला गोदामाला जागा मागतोय. सोमवारी त्याला हो म्हणून सांगतो."

मला वाईट वाटलं ते वाटलंच, पण रागही आला. सरांबरोबर काम करून माझ्यात एक खोड आली होती: दुसऱ्यानं घेतलेल्या नोंदीवर विश्वास बसायचा नाही. मी म्हटलं, "सोमवारी काय ते सांगा. पण आज एकदा मला बघू द्या."

"कशाला? रेघ दिसते की."

"रेघ दिसते, पण ती तुम्ही ओढलेली आहे."

अण्णा उसळले. माझ्या मापावर आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही, वगैरे. ते सगळं अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "जन्मभर लोकांची मापं घेतलीत ना? आता सुम्मे, गपचूप उभे राहा आणि एकदा माप द्या."

अण्णा खरोखरच उभे राहिले, छाती पुढं काढून, एक हात लांब करून, अगदी कोटाचं माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकासारखे. अक्कांनी त्यांच्या डोळ्यांना पंचा बांधला. मी त्यांचा हात हातात घेतला आणि नखाजवळच्या रेघेवर टिचकी मारली.

"काही नाही," अण्णा म्हणाले.

मी वरच्या पेरावर मारली. काही नाही. बोटाच्या मुळाशी, काही नाही. तळव्याच्या बोटांकडच्या भागात काही नाही. आणि मग तळव्याच्या मधोमध टिचकी पडली तसे अण्णा दचकले. "हां. आली. बोटात आली. मुंग्या आल्या."

मी पुन्हा मारली, पुन्हा तिथंच. एक दाणा पुढं मारली तर काही नाही. मी पंचा सोडला आणि बोट तिथंच ठेवून त्यांना दाखवलं. जांभळी रेघ तिथून कितीतरी पुढं, एकटीच बोटाच्या टोकावर जाऊन बसली होती.

"अण्णा, दर रविवारी तुम्ही रेघ कशी ओढत होता?"

"कशी म्हणजे? झिणझिण्या आल्या तिथं बोट ठेवायचं आणि दोन सूत पुढं ओढायची."

"दोन सूत पुढं का?"

त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "शिवणीत जातात की बाई. बरोब्बर मापावर कापलं तर कोट अंगात शिरेल का?"

"आणि पुढच्या रविवारी?"

"पुढच्या रविवारी तिथून पुढं. मागचं माप पुन्हा पुन्हा कशाला घ्यायचं? रेघेच्या जवळ टकटक केली की येतातच कुठंतरी मुंग्या."

मला हसू फुटलं. पायरीवर बसून मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि अण्णांचं नाक लाल होत गेलं. आयुष्यभर ज्या हातानं प्रत्येक मापात थोडी सढळ जागा सोडली, त्यानं स्वतःच्या शिरेलाही सोडली होती, दर आठवड्याला, न चुकता. शीर आपल्या चालीनं, अगदी वेळेवर येत होती. पेन्सिल तेवढी पुढं पळाली होती.

"म्हणजे," अण्णा सावकाश म्हणाले, "तिला उशीर झालेला नाही?"

"नाही. तुम्हीच तिला घ्यायला स्टेशनवर फार लवकर गेलात."

अण्णांनी ताटलीतला गूळ उचलून तोंडात टाकला. सोमवारी कापडवाल्याला गोदाम मिळालं नाही, वर सकाळी सकाळी चार शब्द ऐकावे लागले. पेन्सिल मात्र अक्कांनी काढून घेतली. पुढच्या सगळ्या रविवारी डोळ्यांना पंचा आणि टिचकी माझी, असा करार झाला. मी आलेली जागा सांगायची, अण्णा म्हणायचे, "एवढीच?" आणि अक्का म्हणायच्या, "एवढी पुष्कळ."

उन्हाळा गेला, आषाढाची भुरभुर सुरू झाली. झिणझिण्या बोटांत शिरल्या, पेरं चढल्या. पण झिणझिण्या म्हणजे स्पर्श नव्हे. सुई टोचली तर काहीतरी होतं, पण काय ते सांगता येत नाही, असं अण्णा म्हणू लागले. मी सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "मीच येऊन बघतो."

सर एका रविवारी छत्री घेऊन आले. थंडी म्हणून अंगात करड्या रंगाचा जाड कोट. अक्कांनी कॉफी दिली. अण्णांनी डोळे मिटले आणि सरांनी कापसाच्या बोळ्यानं आणि टाचणीनं एकेक बोट तपासायला घेतलं. अंगठ्याला टोचलं की अण्णा म्हणत मधलं बोट. मधल्या बोटाला कापूस लावला की म्हणत अंगठा. अंगठ्याशेजारच्या बोटाला लावलं की म्हणत तळवा. प्रत्येक उत्तर ठामपणे आणि प्रत्येक चुकीचं. डोळे उघडल्यावर आमच्या चेहऱ्यांवरून त्यांना ते कळलं.

"धागे पोचलेत," सर म्हणाले, "पण शेजारच्या दारांत शिरलेत. आता मेंदूनं नवे पत्ते शिकायला हवेत. कुणाचा शिकतो, कुणाचा नाही शिकत. नोडोण."

अण्णा मान खाली घालून बसले. मला सरांचा फार राग आला. एखादा शब्द बरा बोलला असता माणूस तर काय बिघडलं असतं? पण सर कधीच खोटं बोलत नसत, आणि म्हणूनच त्यांना बोलावलं होतं.

सर निघाले. अण्णा यजमान, उठून दारापर्यंत गेले. बाहेर पाऊस जरा वाढला होता, म्हणून सर छत्री उघडत उंबऱ्यावर थांबले. अण्णांची नजर त्यांच्या कोटावर गेली. त्यांनी पुढं होऊन कोटाची कॉलर धरली, चोळली, पुन्हा एकदा चोळली, आणि म्हणाले, "प्युअर वूल म्हणून दिलं ना तुम्हाला हे?"

"लंडनहून आणलंय," सर म्हणाले.

"लंडनला असतील की फसवणारे. यात कापूस मिसळलाय. निम्म्याला निम्मा."

"शक्यच नाही."

"शक्यच नाही काय? हे बघा, वूल असं सरकत नाही बोटाखाली. हे कोरडं लागतं. इथं, या बाजूला तर जास्तच. आणि कॉलरच्या आतला कॅनव्हास सुटलाय, तो वेगळाच लागतोय."

सरांना राग येताना मी कधी पाहिलं नव्हतं, तो त्या दिवशी येऊ लागला होता. ते म्हणाले की या कोटाची पावती अजून माझ्याकडे आहे. अण्णा म्हणाले की पावती अंगात घालून थंडी जाते का. मी मध्ये पडायला पुढं झाले, तेवढ्यात अक्का कॉफीचे पेले तसेच हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "कुठल्या हातानं बघताय?"

अण्णांनी खाली पाहिलं. कॉलर उजव्या हातात होती, अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत. त्यांनी डोळे मिटले आणि कापड पुन्हा एकदा चोळलं, अगदी हळू. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलंही नाही. सर छत्री अर्धवट उघडलेली धरून, कोटासकट, पावसाच्या तोंडाशी मुकाट्यानं उभे राहिले, अण्णांचं बघून होईपर्यंत.